अनोळखी हातांसाठी लिहिलेलं पुस्तक

या पुस्तकात एक तक्ता आहे. वरच्या ओळीत दृश्यमानता दिली आहे: 3, 5, 10, 15 आणि 20 सागरी मैल. डावीकडे, काय शोधायचं आहे त्याची यादी. त्या यादीतला पहिला शोध पाण्यात पडलेल्या माणसाचा. त्याच्यापुढचे आकडे असे: 0.4, 0.5, 0.6, 0.7, 0.7. शोधाला निघालेल्या जहाजाने एक फेरी संपवून परत फिरताना दुसरी फेरी पहिलीपासून किती मैलांवरून घ्यावी, एवढंच ते सांगतात.

हे आकडे सावकाश वाचावेत. हवा 3 मैलांवरून 20 मैलांपर्यंत निवळली तरी दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं ते 0.3 मैलाने. शेवटी तर तेही वाढत नाही. वीस मैलांवरचं जहाज दिसेल, किनारा दिसेल, पण लाटांत वरखाली होणारं माणसाचं डोकं नारळाएवढं असतं. 0.7 मैल म्हणजे सुमारे 1300 मीटर. डेकवर उभ्या पहारेकऱ्याच्या वाट्याला एका बाजूचे साडेसहाशे मीटर येतात. त्याखाली खवळलेल्या हवेचा हिशेब आहे. वारा 25 नॉटच्या वर गेला किंवा लाटा दीड मीटरपेक्षा उंच झाल्या, तर या अंतराचा फक्त पाव भाग धरायचा. म्हणजे सव्वातीनशे मीटर. समुद्र किती मोठा आणि माणूस किती लहान, हे मी अनेक ठिकाणी वाचलं आहे. ते इतकं नेमकं कुठेच वाचलेलं नाही.

‘आयमसार’ या आखूड नावाने ओळखली जाणारी ही शोध-बचाव पुस्तिका तीन खंडांची आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना या दोघींनी मिळून ती काढली. पहिला खंड सरकारांसाठी, दुसरा नियंत्रण कक्षात बसून मोहीम चालवणाऱ्यांसाठी आणि तिसरा प्रत्यक्ष जहाजावर किंवा विमानात असलेल्यांसाठी. समुद्री सुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार जहाजांना हा तिसरा खंड ताज्या आवृत्तीत जवळ ठेवावाच लागतो. आपल्या तटरक्षक दलापासून जपानच्या दलापर्यंत शोध-बचावाच्या प्रशिक्षणाला आधार याचाच. एरवी कुणी असलं पुस्तक वाचायला घेत नाही. मी घेतलं ते कुतूहलापोटी, आणि त्याच्या लेखनाने मला धरून ठेवलं.

तिसऱ्या खंडातली तीन वळणं पाहा. माणूस जहाजावरून पाण्यात पडला तर जहाज मागे कसं वळवायचं, याच्या त्या आकृत्या आहेत. पण पुस्तकाची सुरुवात आकृतीपासून होत नाही. आधी ते विचारतं की तुम्हाला काय माहीत आहे. पडताना ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं? कुणीतरी पाहिलं आणि धावत येऊन सांगितलं, म्हणजे थोडा वेळ गेला? की कुणीच पाहिलं नाही आणि हजेरीला एक माणूस कमी भरला? या तीन अवस्थांवरून वळण ठरतं.

पाहिलं असेल तर अँडरसन वळण: सुकाणू पूर्ण एका बाजूला, 250 अंश फिरून सरळ. सगळ्यात जलद. थोडा वेळ गेला असेल तर विल्यमसन: पडलेल्या माणसाच्या बाजूला 60 अंश वळायचं, मग सुकाणू पूर्ण उलट, आणि मूळ दिशेच्या नेमक्या विरुद्ध दिशेला 20 अंश उरले की सुकाणू मध्यावर. जहाज ज्या रेषेवरून आलं त्याच रेषेवर परत येतं, अंधारात आणि धुक्यातसुद्धा. माणूस बेपत्ता असेल तर शार्नो: आधी 240 अंश, मग उलट, आणि तिथेही 20 अंश उरताना सुकाणू मध्यावर; जहाज पाण्यावरच्या आपल्याच माग-रेषेत येऊन पोचतं.

मला इथे सगळ्यात आवडतो तो प्रामाणिकपणा. प्रत्येक वळणाखाली त्याचे दोष लिहिलेले आहेत. अँडरसन एका पंख्याच्या जहाजाला फार अवघड जातं. विल्यमसन जहाजाला आधी घटनास्थळापासून लांब नेतं आणि वेळ खातं. शार्नोला किती वेळ गेला याचा अंदाज लागतो, नाहीतर ते फसतं. हे वाचणाऱ्याच्या हातात पुढच्या क्षणी सुकाणू असणार आहे, याचं भान लिहिणाऱ्याने एका ओळीसाठीही सोडलेलं नाही. नियमपुस्तकं सहसा आपल्या नियमाची बाजू घेतात. हे पुस्तक पाण्यातल्या माणसाची बाजू घेतं.

शोधाच्या आकृत्यांपाशी आलात की चौकड्यांची वही आणि पेन्सिल घ्या. मधोमध एक टिंब काढा. त्याला डेटम म्हणतात. माणूस जिथे पडला ती ही जागा नाही. वारा आणि पाण्याची ओढ त्याला तोवर जिथे घेऊन गेली असेल, तिचा हा उत्तम अंदाज आहे. टिंबापासून वाऱ्याच्या तोंडावर एक घर जा, काटकोनात वळून पुन्हा एक घर. मग दोन, दोन. मग तीन, तीन. वाढत जाणारा चौकोन तयार होतो. जागा अगदी नक्की माहीत असेल तर दुसरी आकृती: दर वेळी उजवीकडे 120 अंशांचं वळण, रेषा पुन्हापुन्हा टिंबावरून जाते आणि तीन पाकळ्यांचं फूल उमटतं. सापडलं नाही तर अख्खं फूल 30 अंशांनी फिरवून पुन्हा तेच. माझ्या वहीतलं फूल पहिल्यांदा चुकलं, कारण मधल्या टिंबावर मी वळलो. तिथे वळायचं नसतं, सरळ पार व्हायचं असतं.

या आकृत्यांचं मोल एकट्या जहाजापुरतं नाही. अपघाताच्या जागी पोचणारी पहिली चार जहाजं बहुधा चार देशांची असतात. फिलिपिन्सचे खलाशी, ग्रीक मालक, पनामाचा झेंडा, शेजारी आपल्या तटरक्षक दलाचं गस्ती जहाज, वर कुठलं तरी विमान. यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं. तरी ‘वाढता चौकोन’ म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आकृती येते, आणि त्यांच्यातला एक जण घटनास्थळाचा समन्वयक होतो. अनेक जहाजं समांतर रांगेत शोधायला निघाली तर चाल ठरते सगळ्यात सावकाश जहाजाच्या वेगावरून. जलद जहाजाने पुढे पळायचं नाही. ओळ तुटली तर मधली फट राहते, आणि माणूस त्या फटीत असू शकतो.

प्रशिक्षणाच्या प्रकरणात पुस्तक तीन शब्द वेगळे ठेवतं. प्रशिक्षण म्हणजे ज्ञान आणि कौशल्य मिळवणं. पात्रता म्हणजे ते कौशल्य नेमून दिलेल्या जहाजावर किंवा विमानात करून दाखवणं. आणि प्रमाणन म्हणजे संस्थेने ‘हे काम तू कर’ अशी जबाबदारी सोपवणं. आपल्याकडे या तिन्हींची सर्रास गल्लत होते; वर्ग भरला, प्रमाणपत्र वाटलं की माणूस तयार झाला असं धरतात. समुद्रावर तसं धरून चालत नाही.

या सगळ्यामागे 1979 मध्ये हॅम्बुर्ग इथे झालेला शोध-बचाव करार आहे. तो 1985 मध्ये अमलात आला. संकटातल्या माणसाचं राष्ट्रीयत्व, दर्जा किंवा तो तिथे कोणत्या परिस्थितीत पोचला, हे न पाहता मदत करायची, असं तो राष्ट्रांना बांधून टाकतो. समुद्राच्या वाटणीबद्दल त्यात आणखी एक कलम आहे, आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं: शोध-बचावासाठी आखलेल्या हद्दींचा देशांच्या सीमांशी काही संबंध नाही. भारताच्या वाट्याला सुमारे 46 लाख चौरस किलोमीटर समुद्र आहे. मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) इथली केंद्रं तो सांभाळतात. ती मालकी नाही, राखण आहे.

या कलमाचा अर्थ 4 डिसेंबर 2024 रोजी दिसला. पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालेलं ‘अल पिरानपीर’ हे गलबत अरबी समुद्रात बुडालं. बारा भारतीय खलाशी एका छोट्या होडीत उतरले. ती जागा द्वारकेच्या पश्चिमेला सुमारे 270 किलोमीटरवर, पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रात होती. मुंबईचं केंद्र आणि पाकिस्तानचं केंद्र सतत एकमेकांच्या संपर्कात राहिली, पाकिस्तानच्या विमानानेही शोध घेतला, आणि भारतीय तटरक्षक दलाच्या ‘सार्थक’ जहाजाने बाराही जणांना उचललं. जमिनीवर दोन्ही देशांत काय चाललं होतं ते सर्वांना माहीत आहे. समुद्र राखणाऱ्या त्या दोन केंद्रांमधल्या माणसांकडे मात्र एकच पद्धत होती.

अशी सवय सरावाने लागते. ऑक्टोबर 1999 मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ या जपानी मालकीच्या जहाजाचं अपहरण झालं. 17 खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आलं. थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं. जहाज मात्र नोव्हेंबरमध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेर पकडलं गेलं, आणि पाठलाग करणाऱ्यांत तटरक्षक दलाचं ‘ताराबाई’ होतं, कोल्हापूरच्या महाराणींचं नाव घेतलेलं. पुढच्याच वर्षापासून भारत आणि जपानच्या तटरक्षक दलांचे संयुक्त सराव सुरू झाले, ते आजही होतात.

पुस्तकाची एक मर्यादा सांगायलाच हवी. वाचवलेल्या माणसाला सुरक्षित ठिकाणी उतरवा, असं करार सांगतो. कुठल्या बंदराने त्याला आत घ्यायचं, यावर भूमध्य समुद्रात जहाजं दिवसच्या दिवस ताटकळली आहेत. शोधाची आकृती सगळ्यांना पाठ आहे आणि उतरवून घेणारा धक्का सापडत नाही. तिथे पुस्तक काही करू शकत नाही, आणि ही उणीव ते लिहिणाऱ्यांची नाही.

दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते. माझी विनंती आपल्या किनाऱ्यासाठी आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत मासळी उतरते त्या प्रत्येक बंदरात तो तक्ता आणि ती तीन वळणं सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत रंगवून लावावीत. आपल्या होडीतला गडी पाण्यात पडला तर तिथे पहिला पोचणारा शेजारच्या होडीचा तांडेलच असणार आहे. त्याच फलकावर खाली तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांकही लिहावा: 1554.