परतीची वाट ठेवणारे खेळ

चुकलेल्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नाची दोन चित्रे आपल्या परिचयाची आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात पाच मूर्ख कुमारी तेलाविना येतात आणि दार बंद होते. लूकच्या शुभवर्तमानात धाकटा मुलगा सर्वस्व उधळून परततो, तर बापच धावत सामोरा जातो. अमेरिकेतील दोन संगणकीय खेळसंस्थांनी १९८० ते २००० या काळात जी निर्मिती केली, तिच्यात हीच दोन चित्रे आपापल्या परीने उमटली आहेत, असे आम्हांस वाटते. त्या संस्था म्हणजे सिएरा आणि लुकासआर्ट्स.

त्यांच्या साहसकथा-खेळांत बोटांच्या वेगाला महत्त्व नसते. पडद्यावर एक प्रसंग चितारलेला असतो. माउसचा बाण एखाद्या वस्तूवर नेऊन ती उचलायची, भेटेल त्याच्याशी बोलायचे आणि कोडी सोडवीत नायकाची कथा पुढे न्यायची. म्हणजे वाचकाच्या हाती दिलेली कादंबरीच ती. म्हणूनच साहित्याच्या कसोट्या या खेळांना लावणे अयोग्य ठरू नये.

सिएराचा मान आधीचा. केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने १९७९ साली ही संस्था स्थापन केली. १९८० साली रॉबर्टाबाईंनी रचलेल्या 'मिस्टरी हाउस'ने साहसकथेला प्रथमच रेखाचित्रांची जोड दिली आणि १९८४ साली 'किंग्ज क्वेस्ट'ने परीकथेतील राज्य हलत्या चित्रांत उभे केले. मात्र या राज्यात मृत्यू पावलोपावली उभा असे. त्याहून कठोर होती ती न कळणारी चूक.

१९९० सालचा 'किंग्ज क्वेस्ट'चा पाचवा भाग घेऊ. राजा ग्रॅहमसमोर एक मांजर उंदराचा पाठलाग करते. त्या काही क्षणांत ग्रॅहमने मांजराला जुना बूट फेकून मारला, तर उंदीर वाचतो. पुढे ग्रॅहमला तळघरात बांधून टाकतात, तेव्हा तोच उंदीर येऊन दोर कुरतडतो. क्षुद्र जिवावर केलेल्या दयेची परतफेड होते, ही कल्पना इसापाच्या सिंहाइतकीच जुनी आणि तितकीच सुंदर आहे. परंतु तो क्षण हुकला तर खेळ काहीच बोलत नाही. खेळाडू पुढे जात राहतो आणि तळघरात पोहोचल्यावर आपण केव्हाच हरलो होतो हे त्याला कळते. कस्टर्डच्या पाईचेही तेच. भुकेल्या ग्रॅहमने ती खाल्ली, तर पुढे हिममानवाच्या तोंडावर फेकायला हाती काही उरत नाही. भुकेल्याने खाणे हा कोणता अपराध?

लुकासफिल्मचा खेळविभाग १९८२ साली सुरू झाला. पुढे तोच लुकासआर्ट्स झाला. तेथील रॉन गिल्बर्ट यांना 'किंग्ज क्वेस्ट'मधूनच प्रेरणा मिळाली. पण आज्ञा अक्षरे टंकून द्याव्या लागतात, हे त्यांना खटकले. म्हणून गॅरी विनिक यांच्यासह १९८७ साली केलेल्या 'मॅनिअॅक मॅन्शन'मध्ये त्यांनी क्रियापदेच पडद्यावर मांडली. त्या खेळातही वाट कायमची बंद होण्याच्या जागा होत्या. परंतु १९८९ साली गिल्बर्ट यांनी साहसकथा-खेळांच्या दोषांवर एक परखड लेख लिहिला आणि १९९० साली 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मध्ये ते विचार आचरणात आणले. येथे नायक गायब्रश कितीही चुकला तरी वाट कायमची बंद होत नाही. एके ठिकाणी तो कड्यावरून कोसळतो, सिएराच्या धर्तीची मृत्युसूचना झळकते, आणि दुसऱ्याच क्षणी तो उसळून वर येतो! प्रतिस्पर्ध्याला काढलेला हा चिमटा होता.

मरण एकाच ठिकाणी शक्य आहे, आणि तेथेच लुकासची न्यायबुद्धी दिसते. आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, अशी गायब्रशची फुशारकी असते. पुढे त्याला मूर्तीला बांधून पाण्यात टाकतात. तेथे दहा मिनिटे काहीच न करता घालविली तरच तो मरतो. इशारा आधीच दिलेला असतो.

आमच्या मते दोहोंतील खरा भेद हा आहे. महापाप ठरण्यास पूर्ण जाणीव आणि हेतुपुरस्सर संमती हवी, असे ख्रिस्तसभा शिकवते. दाखल्यातील कुमारींना वर येणार हे ठाऊक होते. ग्रॅहमला उंदराविषयी काहीच ठाऊक नव्हते. म्हणून सिएराच्या बंद दाराला त्या दाखल्याचा आधार देता येत नाही. अज्ञानाला दिलेली ती शिक्षा आहे.

तथापि लुकासला सर्व श्रेय देणे पक्षपाताचे होईल. भय नसले की खेळाडू विचार न करता प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर लावून पाहतो. सिएराच्या जगात पाऊल जपून टाकावे लागे. त्यामुळे त्या जगाला वजन होते. जेन जेन्सन यांच्या १९९३ सालच्या 'गॅब्रिएल नाइट'मध्ये पूर्वजाच्या विश्वासघाताचे ओझे वंशजाच्या खांद्यावर येते. तसे गांभीर्य लुकासच्या विनोदी खेळांत क्वचितच आढळते.

हे वजन आणि परतीची वाट एकत्र नांदू शकतात, हे टिम शेफर यांच्या १९९८ सालच्या 'ग्रिम फँडँगो'ने दाखविले. मेक्सिकोतील मृतांच्या दिवसाच्या लोकपरंपरेवर तो आधारलेला आहे. नायक मॅनी स्वतः मृत असून मृतात्म्यांच्या प्रवासाची व्यवस्था पाहतो आणि आपले ऋण फेडतो. मेचे नावाची सज्जन स्त्री तो सहकाऱ्याकडून लबाडीने पळवितो; हक्काचे तिकीट न मिळाल्याने तिला पायी निघावे लागते. कथेच्या चार वर्षांतील प्रत्येक भाग २ नोव्हेंबर रोजी, म्हणजे आपल्या सर्व मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, घडतो. सत्कृत्यांच्या हिशोबावर तिकीट ठरविणारे हे परलोक ख्रिस्तसभेच्या शुद्धिस्थानाच्या शिकवणुकीशी जुळत नाही, हे ध्यानी घ्यावे. पण कलाकृती म्हणून त्याने मार्ग दाखविला: कर्माचे फळ नायकाला कथेत भोगावे लागते, खेळाडूसाठी मात्र सापळा रचलेला नसतो.

आज दोन्ही निर्मितिगृहे उरलेली नाहीत. सिएरा १९९६ साली विकली गेली आणि ओकहर्स्ट येथील तिचे मूळ निर्मितिगृह १९९९ साली बंद झाले. लुकासआर्ट्सची निर्मिती २०१३ साली डिस्नेने थांबविली. तरी 'ग्रिम फँडँगो' २०१५ साली नव्या रूपात आला आणि गिल्बर्ट २०२२ साली 'मंकी आयलंड'कडे परतले.

मुलांच्या हातातील खेळ हिंसक आहे की नाही, एवढेच पालक पाहतात. तो चुकलेल्याला कसा वागवितो, हेही त्यांनी पाहावे. दार बंद करायचेच असेल, तर आधी सांगून करावे. आणि शक्य तोवर ते उघडे ठेवावे. या कसोटीवर आम्ही लुकासआर्ट्सला उजवे मानतो. मात्र उंदराला वाचविण्याची कल्पना सिएराची होती, हे विसरून चालणार नाही.