छत्र, उंची आणि जैवभार : सातारा जिल्ह्यातील वनमापनाची चिकित्सा

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांत १ हेक्टरहून अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता १० टक्क्यांहून जास्त असली की ते वनाच्छादन गणले जाते. मालकी व वृक्षाची जात पाहिली जात नाही. घनता ७० टक्के झाली की ते ‘अतिघन’ वन. व्याख्या सोयीची खरी, परंतु सातारा जिल्ह्यात ती अपुरी पडते.

नीरेकाठचे शिरवळ पर्जन्यछायेत येते. भोवती विरळ झाडीचे माळ. तेथून नैऋत्येस महाबळेश्वरात वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील अंजनी, जांभूळ व पिसा यांचे सदाहरित वन वरून सलग हिरवे दिसते. जांभ्यावरील उथळ माती व वारा यांमुळे झाडे मात्र खुजीच राहतात. दक्षिण सह्याद्रीतील उंच वनाएवढेच छत्र, पण जैवभार बराच कमी. हा भेद छत्राच्या आकड्यात उतरत नाही.

विमानातून सोडलेले लेसर स्पंद छत्रावरून व जमिनीवरून परतण्यास लागणाऱ्या वेळातील फरकावरून लायडार उंची काढतो. ही उणीव तो भरून काढतो. वजन मात्र करीत नाही. जैवभाराचे समीकरण खोडाचा घेर व लाकडाची घनता यांच्या जमिनीवरील मोजणीवरच उभे असते. उंच, सरळ वृक्षांवर बेतलेले समीकरण अंजनीच्या वाकड्या, कठीण खोडांना लावल्यास येणारा आकडा नेटका दिसेल, विश्वासार्ह नसेल. शिवाय केवळ कार्बनच्या हिशेबाने वनाचे मोल ठरविल्यास कृष्णा-कोयनेच्या उगमावरील हेच खुजे वन सर्वांत स्वस्त ठरेल.