रंगाचा संयोग

कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला जाताना आम्ही रस्त्याचे कठडे, फलकांचे खांब बघतो. कुठे रंगाचा पापुद्रा सुटलेला, खाली जस्त मात्र शाबूत. लोक म्हणतात, रंगच हलका! हे निदान आम्हाला अपुरं वाटतं.

वैशेषिक दर्शनात संयोग म्हणजे सुटणारा संबंध, समवाय म्हणजे न सुटणारा. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवलं, की दोन्ही धातूंचे मिश्र थर बनतात. हे समवायाच्या जवळचं. रंगाचा मात्र नुसता संयोग. साधा ऑइल पेंट थेट नव्या जस्तावर मारला, तर दमट हवेत दोहोंच्या सांध्यात जस्ताचा साबण तयार होतो आणि पकड सुटते. मग पापुद्र्याआड पाणी साचतं, जस्त झिजतं, पुढे पोलादाची पाळी.

म्हणून टीका पूर्वतयारीवर हवी. तेलकटपणा, पांढरा गंज काढला का? पृष्ठभाग हलकेच खरखरीत केला का? जस्ताला मानवणारा प्रायमर दिला का? पाहणीच्या दिवशीची चकाकी हा पुरावा नव्हे. ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी लावून ओढा. संबंध खरा की दिखाऊ, ते तिथेच कळतं.