जेम्स बनाना : नाम, लिंग आणि वचन

1986 साली जपानमधील कोनामी ह्या कंपनीने निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमसाठी ‘आकुमाजो ड्रॅक्युला’ नावाचा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. पुढील वर्षी तोच खेळ ‘कॅसलव्हेनिया’ ह्या नावाने अमेरिकेत, निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिमवर, कार्ट्रिजच्या रूपाने अवतरला. चाबूक हाती घेतलेला एक वीर ड्रॅक्युलाच्या गढीत शिरतो आणि एकेक दालन ओलांडीत त्या रक्तपिपासू उमरावापर्यंत पोचतो, एवढेच त्याचे कथानक आहे. त्याचे संगीत मात्र कथानकाहून पुष्कळ दीर्घायुषी ठरले. पहिल्या टप्प्याची चाल पुढे ह्याच मालिकेतील अनेक खेळांत पुनःपुन्हा योजली गेली. खेळ अखेरपर्यंत खेळणाऱ्यास ह्या कार्ट्रिजच्या शेवटी श्रेयनामावली दिसते, आणि तीत संगीतकाराचे नाव निःसंदिग्धपणे दिलेले आहे : जेम्स बनाना.

ह्या नावाची कोणीही व्यक्ती नव्हती. संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा ह्या दोन स्त्रियांनी रचलेले होते. म्हणजे पडद्यावरील त्या एका ओळीत नाम खोटे, लिंग खोटे आणि वचनही खोटे आहे. ह्यांपैकी पहिल्या दोन चुका आता सर्वत्र दुरुस्त झाल्या आहेत. तिसरी पुरती दुरुस्त झालेली नाही. आणि ती का राहिली ह्याचा विचार केल्यास अशा संगीताच्या संशोधनपद्धतीतील एक मूलभूत वैगुण्य उघडकीस येते.

प्रथम श्रेयनामावलीकडेच एक स्वतंत्र संहिता म्हणून पाहिले पाहिजे. तीत दिग्दर्शक म्हणून ‘ट्रान्स फिशर्स’, पटकथाकार म्हणून ‘व्हरॅम स्टोकर’ आणि ड्रॅक्युलाच्या भूमिकेत ‘ख्रिस्तोफर बी’ अशी नावे आहेत. ब्रिटनच्या हॅमर ह्या चित्रपटसंस्थेचा 1958 चा ‘ड्रॅक्युला’ ज्यांना ठाऊक आहे त्यांना टेरेन्स फिशर आणि ख्रिस्तोफर ली ही नावे तत्काळ आठवतील. ब्रॅम स्टोकर हा तर मूळ कादंबरीचाच कर्ता. त्याच चित्रपटाचे संगीतकार जेम्स बर्नार्ड होते. त्यांच्या नावाचा अपभ्रंश करून ‘जेम्स बनाना’ सिद्ध झाला. वटवाघळाच्या भूमिकेतील ‘मिक्स श्रेक्स’ म्हणजे 1922 च्या ‘नोस्फेरातू’मधील मॅक्स श्रेक. मेदुसेच्या भूमिकेसाठी ‘बार्बर शेरी’ हे नाव आहे. ते बार्बारा शेली ह्या अभिनेत्रीचे विडंबन असून तिने 1964 च्या ‘द गॉर्गन’ ह्या हॅमरपटात काम केले होते. मेदुसा ही गॉर्गनच. ही योजना करणाऱ्यास भयपटांचा चांगला व्यासंग होता, हे एवढ्यावरून दिसते. नावे केवळ वेडीवाकडी केलेली नाहीत. ती ज्या त्या भूमिकेस जुळवूनही दिली आहेत.

तेव्हा ही श्रेयनामावली साक्ष नव्हे, विडंबन आहे. ‘संगीत कोणी केले’ ह्या प्रश्नाचे उत्तर देणे हा तिचा हेतूच नाही; खेळ हा जणू एक जुना चित्रपट होता असा आभास उत्पन्न करणे हा तिचा हेतू आहे. जिला साक्ष द्यावयाचीच नव्हती तिच्या साक्षीतील एखादा शब्द बदलून ती खरी करता येत नाही. सर्वसामान्य दुरुस्ती नेमकी तशीच झाली. ‘जेम्स बनाना म्हणजे किनुयो यामाशिता’ असे समीकरण रूढ झाले. एका नावाच्या जागी एक नाव बसले. विडंबनाने कल्पिलेला संगीतकार एकटा होता, कारण बर्नार्ड एकटे होते; आणि ते एकवचन दुरुस्ती करणाऱ्यांनी नकळत जसेच्या तसे स्वीकारले. तेराशिमा ह्यांचा लोप खोट्या नावामुळे झाला त्याहून अधिक ह्या अर्धवट दुरुस्तीमुळे झाला.

त्या काळात खऱ्या नावांची टाळाटाळ सर्रास होती. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपली माणसे पळवू नयेत म्हणून तसे केले जाई, असे कारण नेहमी सांगितले जाते. तथापि टाळाटाळीचे प्रकार एकसारखे नाहीत. अटारीच्या खेळांवर कर्त्याचे नाव नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट ह्यांनी 1980 मध्ये आलेल्या आपल्या ‘अॅडव्हेंचर’ ह्या खेळात एक गुप्त दालन रचून तेथे स्वतःचे नाव लिहून ठेवले. निन्टेन्डोच्या 1986 च्या ‘मेट्रॉइड’मध्ये हिरोकाझु तानाका हे ‘हिप तानाका’ म्हणून येतात. कॅपकॉमच्या 1987 च्या ‘रॉकमॅन’मध्ये मानामी मात्सुमाए ह्यांच्या नावापुढे एक गमतीचा शब्द जोडला आहे, पण ‘मानामी’ शाबूत आहे. ही अर्धे मुख दाखविणारी टोपणनावे होत. त्यांचा माग काढीत गेल्यास व्यक्तीपर्यंत पोचता येते. ‘जेम्स बनाना’ ह्या नावाचा माग मात्र एका इंग्रज चित्रपटसंगीतकाराच्या दारी जाऊन थांबतो. कॅसलव्हेनियाच्या संगीतात बर्नार्ड ह्यांची छाया ऐकण्याचा मोह त्यामुळेच होतो. बर्नार्ड ह्यांचा प्रसिद्ध स्वरसमूह ‘ड्रॅक्युला’ ह्या शब्दाच्या तीन अवयवांवर बेतलेला आहे, जड आणि दबा धरून बसल्यासारखा. कॅसलव्हेनियाच्या चाली ह्याच्या अगदी उलट धावत्या आहेत. रॉक संगीताचा ठेका आणि युरोपच्या बरोक काळातील स्वरमालिकांची शिडी ह्यांच्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. नाव कानाला किती फसवू शकते ह्याचा हा चांगला नमुना आहे.

नावांनी दगा दिल्यावर अभ्यासक ध्वनीकडे वळतो. आता ध्वनी काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

निन्टेन्डोच्या यंत्रातील ध्वनिविभागात पाच वाहिन्या आहेत. दोन स्पंद-तरंगांच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक नॉइजची, आणि एक लहान ध्वनिमुद्रित नमुने वाजविणारी. स्पंद-तरंग किती काळ वर आणि किती काळ खाली राहतो, ह्याची चार प्रमाणे मिळतात : साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंच्याहत्तर टक्के. पंचवीस आणि पंच्याहत्तर ही एकमेकांची उलटी रूपे असल्याने कानाला जवळजवळ एकच वाटतात. म्हणजे प्रत्यक्षात नादगुण तीनच. प्रबळतेच्या पायऱ्या सोळा आहेत. त्रिकोणी वाहिनीला प्रबळतेचे नियंत्रण मुळीच नाही; ती एक तर वाजते, नाही तर गप्प असते. ती स्पंद-वाहिन्यांहून एक सप्तक खाली उतरू शकते, म्हणून खर्जाचे काम बहुधा तिच्याकडे येते. एका वेळी तीन स्वर आणि थोडा ताल एवढ्यात सर्व भागवावयाचे असते. भरीव स्वरसंवाद अशा स्थितीत परवडत नाहीत. त्यांचे स्वर सुटे करून एकामागून एक वेगाने वाजवावे लागतात. ज्याला ‘त्या काळची शैली’ म्हणतात तिचा बराच मोठा भाग ह्या टंचाईतून आलेला आहे. तो कोणाही एका रचनाकाराचा नव्हे.

यंत्राचा वाटा कोणता आणि रचनेचा कोणता, हे वेगळे करण्यास ह्या खेळाच्या बाबतीत एक सुदैवी साधन उपलब्ध आहे. कोनामीने 1986 सालीच एम.एस.एक्स.-2 ह्या घरगुती संगणकासाठी ह्याच नावाचा दुसरा खेळ काढला. युरोपात तो ‘व्हॅम्पायर किलर’ म्हणून ओळखला जातो. (पहिल्या टप्प्याच्या चालीलाही पुढे हेच शीर्षक मिळाल्याने सूचिकारांची तारांबळ उडते, ती वेगळीच.) खेळाची मांडणी निराळी असली तरी चाली बहुतांशी त्याच आहेत. ह्या संगणकाच्या ध्वनिचिपमध्ये तीन चौरस-तरंग आणि एक नॉइज-जनक आहे. तरंगाचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर कायमचे बांधलेले, आणि त्रिकोणी तरंग नाही. दोन्ही पाठ शेजारी ठेवून ऐकले असता फरक स्पष्ट होतो. खर्जाचा मऊपणा नाहीसा होऊन तेथे करकरीत चौरस नाद येतो, आणि मुख्य चालीच्या आवाजातील पालट बंद होतात. असे असूनही चाल तत्काळ ओळखू येते. तिची वळणे, खर्जाची तिच्याशी असलेली ओढाताण आणि पुनरावृत्तीपूर्वी घेतलेली झेप ही सर्व दुसऱ्या यंत्रावरही टिकतात. जे टिकते ते रचनेचे आणि जे गळते ते यंत्राचे, असा स्थूल नियम येथे लावता येतो. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यास ही रीत अपरिचित नाही.

पण ह्या रीतीची धाव येथेच संपते. रचना यंत्रापासून वेगळी झाली, तरी एक रचनाकार दुसऱ्यापासून वेगळा होत नाही. कार्ट्रिजमध्ये संगीत ध्वनिमुद्रणाच्या रूपात नसते. ते अंकांच्या रूपात असते, आणि ध्वनिचालक नावाचा एक लहान कार्यक्रम सेकंदाला साठ वेळा जागा होऊन ते अंक चिपकडे पोचवितो. स्वर कसा उठावा, कसा विरावा, कंप केव्हा यावा ह्याचे तक्ते ह्या चालकाच्या आधीन असतात, आणि चालक कंपनीचा असतो. एकाच चालकातून बोलणाऱ्या दोघी स्वाभाविकपणे एकाच उच्चारात बोलतात. संगीताची संचिका कार्ट्रिजमधून वेगळी काढून, एकेक वाहिनी बंद करून ती ऐकण्याची सोय आज कोणासही आहे. तीतून ‘ही लकब यामाशिता ह्यांची’ असा निर्णय देण्याचा उत्साह वाटणे साहजिक आहे. परंतु ती लकब पुष्कळदा चालकाची असते. शिवाय चालींची शीर्षकेदेखील कार्ट्रिजमध्ये नाहीत. तेथे केवळ क्रमांक आहेत. शीर्षके मागाहून निघालेल्या संगीतसंग्रहांतून आली. वेगावरून अनुमान काढणाऱ्यानेही सावध असावे, कारण युरोपीय यंत्रे सेकंदाला साठऐवजी पन्नास फेऱ्या करतात आणि न जुळविलेले संगीत तेथे संथ होते.

मालिकेतील दुसऱ्या खेळाचे उदाहरण ह्या संदर्भात बोधक आहे. त्याचे संगीत केनिची मात्सुबारा ह्यांचे. 1987 च्या डिस्क आवृत्तीत त्या यंत्राची जादा तरंग-वाहिनी वापरली आहे. 1988 च्या अमेरिकन कार्ट्रिजमध्ये ती वाहिनी उपलब्ध नव्हती, आणि तेथे ध्वनिमुद्रित तालवाद्यांची भर घालून चाली नव्याने बांधल्या आहेत. कार्ट्रिजचा पाठ अधिक आवेशपूर्ण आहे, आणि रसिकांच्या स्मरणात तोच राहिला. म्हणजे ज्या गुणांसाठी एखादी चाल वाखाणली जाते ते गुण मूळ रचनेनंतर, पुनर्बांधणीत आलेले असू शकतात. रचना, बांधणी आणि अंकलेखन ही तीन निराळी कामे आहेत. एका ‘संगीतकार’ ह्या शब्दाखाली ती दडपली जातात.

शैलीवरून कर्तृत्व ठरविण्याच्या पद्धतीवर ह्याहून गंभीर आक्षेप असा, की ती निःपक्षपाती नाही. यामाशिता ह्यांनी कोनामी सोडल्यानंतरही दीर्घकाळ काम केले. 1991 चा ‘पॉवर ब्लेड’ आणि 1995 चा ‘रॉकमॅन एक्स-3’ ह्यांचे संगीत त्यांचे आहे. तुलनेसाठी त्यांच्या कृती विपुल आहेत. तेराशिमा ह्यांच्या नावावर निर्विवादपणे नोंदलेल्या कृती त्या मानाने थोड्या. अशा स्थितीत अज्ञातकर्तृक चालीचे साम्य शोधू गेल्यास ते यामाशिता ह्यांच्याशीच आढळणार, कारण ज्यांच्याशी ताडून पाहावे असे दुसरे साहित्य फारसे नाहीच. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या व इतरांच्या रचना मिसळल्या गेल्या त्याचे कारणही मोठ्या नावाचे हेच गुरुत्वाकर्षण होय. फरक इतकाच की तेथे निदान नाममुद्रा तरी होती. यामाशिता ह्यांच्या कर्तृत्वास ह्यामुळे काडीचाही बाध येत नाही. त्यांच्या भोवती गोळा झालेल्या समीकरणास येतो.

कोनामीच्या संगीतविभागाने पुढे ‘कुकेइहा क्लब’ असे सामूहिक नाव धारण केले. कुकेइहा म्हणजे चौरस तरंग. विडंबनाऐवजी येथे सामूहिकता आली आणि व्यक्ती पुन्हा झाकली गेली. मात्र ह्या नावात निदान वचन तरी खरे होते. अनेकांचे काम अनेकांचे म्हणूनच मांडले गेले. सूचिकाराच्या दृष्टीने ‘जेम्स बनाना’पेक्षा हे नाव पुष्कळ अधिक प्रामाणिक आहे, जरी त्यातून एकाही व्यक्तीचा पत्ता लागत नाही.

कॅसलव्हेनियाची नोंद करताना म्हणून तीन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहिल्या पाहिजेत : पडद्यावर दिसणारे नाव, ज्यांनी संगीत रचले त्या व्यक्ती, आणि ज्या यंत्रावरचा पाठ ऐकला ते यंत्र. चालींची दोघींत वाटणी केवळ कानाच्या भरवशावर करू नये. समकालीन लेखी पुरावा किंवा स्वतः रचनाकारांचे निवेदन असेल तेथेच ती करावी, आणि निवेदन असल्यास ते कोणाचे व किती वर्षांनंतरचे हेही नोंदवावे. एरवी दुसऱ्या रकान्यात दोन्ही नावे जोडीनेच यावीत. ती मराठी वर्णक्रमाने लावल्यास तेराशिमा आधी येतात, यामाशिता नंतर.