बाटलीत मावतं तेवढंच

बार्बेक्यूवरचं कुठलंही अमेरिकन पुस्तक उघडा, ‘रब’चं प्रकरण त्यात बहुतेक वेळा सापडतंच. रब म्हणजे मांस विस्तवाजवळ नेण्याआधी त्याला चोळायचा कोरडा मसाला. मीठ, मिरी, पॅप्रिका, ब्राउन शुगर, लसूण आणि कांद्याची पावडर, जिरं, मोहरीची पूड हे नेहमीचे गडी. मग लेखकाच्या हौसेप्रमाणे कॉफी, कोको किंवा संत्र्याची वाळवलेली साल. सोबत एखादी गोष्ट असते: वडिलांनी वहीत लिहून ठेवलेलं प्रमाण, किंवा मुद्दाम न सांगितलेला बारावा जिन्नस.

ही पुस्तकं मी बरीच वर्षं वाचतेय आणि त्यातले रब घरी करूनही बघतेय. त्यातून माझं एक मत बनलंय. रबला जेवढा मान मिळतो, तेवढं काम तो करत नाही. त्याला हा मान मिळण्याचं कारणही स्वयंपाकघरात नाही, बाजारात आहे. बार्बेक्यूमध्ये आग असते, लाकूड असतं, बारा-बारा तास असतात आणि रात्रभर जागून निखारे सरकवणारा माणूस असतो. यातलं काहीच बाटलीत भरून विकता येत नाही. मसाला येतो. म्हणून सगळं गुपित मसाल्यात आहे, असं सांगणं सोयीचं पडतं.

आधी मसाला नक्की काय करतो ते बघू. मीठ मांसात खोलवर जातं, पण त्याला वेळ लागतो. मिरी, मिरची, जिरं, लसूण यांची चव देणारे घटक जवळपास सगळे पृष्ठभागावरच राहतात, मग तुम्ही रात्रभर चोळून फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर अर्धा तास. साखरेचं काम रंगाचं आणि वरच्या कुरकुरीत थराचं. धुरात मंद शिजवताना (साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअस) ती नीट वागते, पण थेट निखाऱ्यांवर पटकन करपून कडू होते. म्हणजे कोरड्या मसाल्याचे खरे प्रश्न तीनच: मीठ किती, साखर घालायची की नाही, आणि वरचा थर किती जाड. उरलेले नऊ जिन्नस आवडीचा भाग आहेत. आवड महत्त्वाची असतेच, पण ते गुपित नव्हे.

ही गोष्ट दोन पुस्तकांनी दोन वेगळ्या वाटांनी मांडलीय. पहिलं ॲरन फ्रँकलिनचं, 2015 सालचं ‘फ्रँकलिन बार्बेक्यू: अ मीट-स्मोकिंग मॅनिफेस्टो’. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात 2009 मध्ये एका ट्रेलरमधून त्याने धंदा सुरू केला आणि पुढे त्याच्या ब्रिस्केटसाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहू लागले. या ब्रिस्केटचा रब म्हणजे मीठ आणि जाडसर मिरी, मापाने निम्मं-निम्मं. एवढंच. पुस्तकाचा मोठा भाग स्मोकर कसा बांधावा, लाकूड कसं वाळलेलं हवं, आग कशी श्वास घेते यावर खर्च झालाय. पाककृती शोधत आलेला वाचक चिडेल, पण लेखक प्रामाणिक आहे. आपली चव कुठून येते हे त्याला ठाऊक आहे आणि तो तेच लिहितो.

तरी माझी एक तक्रार आहे. मीठ-मिरीचा हा साधेपणा उत्तम प्रतीच्या गोमांसाला, ओकच्या लाकडाला आणि स्वतः वेल्डिंग केलेल्या स्मोकरला परवडतो. गॅलरीत छोटी शेगडी किंवा ओट्यावर ओटीजी असणाऱ्याकडे बारा तासांचा धूर नसतो. तिथे मसाल्याला जास्त बोलावं लागतं. या पुस्तकानंतर ‘मीठ आणि मिरीच्या पलीकडे काही घातलं तर तुम्हाला बार्बेक्यू कळत नाही’ असा सूर अनेक चाहत्यांनी लावला. तो गुपिताइतकाच पोकळ आहे. साधेपणाचासुद्धा तोरा होऊ शकतो.

दुसरं पुस्तक मीटहेड गोल्डविनचं, 2016 सालचं. ते विज्ञानाच्या अंगाने जातं आणि रबच्या बाबतीत एकच फार उपयोगी गोष्ट सांगतं: मीठ रबमध्ये घालू नका, वेगळं लावा. कारण मीठ मांसाच्या वजनावर ठरतं आणि मसाला पृष्ठभागावर. बरगड्या पातळ असतात, खांद्याचा तुकडा जाड. दोन्हींवर मसाल्याचा थर सारखाच हवा, पण मीठ सारखं चालणार नाही. बाटलीतल्या रबमध्ये मीठ आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे हा निर्णय तुमच्या हातून गेलेलाच असतो. रब घरी करण्याच्या बाजूने मी वाचलेला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. त्यात आजीची वही नाही, नुसता हिशोब आहे.

हा हिशोब आपल्याकडे तर जास्तच लागतो. अमेरिकन पाककृतींतलं ‘कोशर’ मीठ जाड आणि हलकं असतं. त्यातल्या डायमंड क्रिस्टल या प्रसिद्ध मिठाचा एक चहाचा चमचा साधारण 3 ग्रॅम भरतो. आपल्या पिशवीतल्या बारीक आयोडीनयुक्त मिठाचा तोच चमचा भरतो साधारण 6 ग्रॅम. चमच्याला चमचा लावला की मांस खारट होणार हे नक्की. फ्रँकलिनचं ‘निम्मं-निम्मं’ही असंच बिघडतं. भांड्याचं माप तेच राहतं, पण आपलं मीठ त्यात दाटून बसतं. या बाबतीत बहुतेक पुस्तकं गाफील आहेत. ती चमच्यांत बोलतात आणि आपला चमचा जगभर चालतो असं धरून चालतात. मी एक किलो मांसाला 8 ते 10 ग्रॅम मीठ वजन करून लावते. हाडं जास्त असतील तर त्याहून कमी. पॅप्रिकाच्या जागी बेडगी किंवा काश्मिरी मिरची, ब्राउन शुगरच्या जागी गुळाची पावडर. दोन्ही छान चालतात, फक्त गूळ ओल धरतो, त्यामुळे रब लगेच वापरावा लागतो.

‘प्रयोग’ हा शब्दही या पुस्तकांनी फार सैल करून ठेवलाय. एका पानावर बारा जिन्नसांचा रब, पुढच्या पानावर दुसऱ्या चौदा जिन्नसांचा, आणि वर लिहिलेलं असतं, ‘प्रयोग करून पाहा’. दोन्ही केले तरी कशामुळे काय बदललं हे कळत नाही. प्रयोग म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणं. चिकनच्या पाच तंगड्या घ्या. पाचही तंगड्यांना वजनाप्रमाणे सारख्या हिशोबाने मीठ. पहिलीला फक्त मीठ, दुसरीला मिरीही, तिसरीला त्यावर लसूण, चौथीला मिरचीपूड, पाचवीला गूळ. कुठली कुठे आहे ते न सांगता घरच्यांना खायला द्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. आमच्याकडे मीठ आणि मीठ-मिरी यांतला फरक सगळ्यांनी ओळखला. लसूणही ओळखला गेला. त्यापुढे जिरं, मोहरी, ओवा असे जिन्नस वाढवत गेले, तेव्हा सहाव्या-सातव्या जिन्नसानंतर कुणालाच खात्रीने काही सांगता येईना. तुमच्याकडे उत्तर वेगळं येईल, पण ते तुमचं असेल.

मेम्फिसचं उदाहरण तर गमतीचं आहे. ‘ड्राय रिब्स’ म्हटलं की ज्या ठिकाणाचं नाव आधी घेतलं जातं, ते म्हणजे ग्रीक वंशाच्या चार्ली व्हर्गोसने 1948 मध्ये सुरू केलेलं ‘रॉंदेव्हू’. तिथल्या बरगड्या कोळशावर भाजतात, त्यांना व्हिनेगरचं पाणी मारतात आणि मसाला भाजून झाल्यावर वरून भुरभुरतात. म्हणजे जगप्रसिद्ध ‘ड्राय रब’ चोळलेला नसतोच! तो आपल्या चाट मसाल्याचा भाऊ आहे. चव उत्तम लागते, कारण न भाजलेल्या मसाल्याचा वास ताजा राहतो. घरच्या प्रयोगातही अर्धा मसाला आधी आणि अर्धा नंतर घालून बघा. बारावा जिन्नस शोधण्यापेक्षा यात जास्त काही हाती लागतं.

आता गुपिताचा दुसरा अर्थ. एखादी चव ‘सिक्रेट रब’मध्ये आहे असं म्हटलं की ती त्या रबच्या मालकाची होते. खड्ड्याशी उभ्या असलेल्या माणसाची राहत नाही. एड्रियन मिलर यांचं ‘ब्लॅक स्मोक’ (2021) हे पुस्तक इथे कामी येतं. अमेरिकन बार्बेक्यूच्या घडणीत कृष्णवर्णीयांचा वाटा केवढा मोठा आहे आणि अलीकडच्या दशकांत माध्यमांनी गोऱ्या पिटमास्टरांना पुढे करून तो कसा झाकला, हे ते तपशिलाने दाखवतं. गुलामगिरीच्या काळात सबंध डुक्कर रात्रभर भाजणारे हात कुणाचे होते, हे बाटलीवरच्या चित्रात कुठून येणार?

त्याच वर्षी आलेलं साउथ कॅरोलायनाच्या रॉडनी स्कॉटचं पुस्तक मला म्हणूनच आवडतं. आईवडिलांच्या दुकानात तो लहानपणापासून अख्खं डुक्कर भाजायला शिकला. नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल: बीबीक्यू’ (2020) मध्येही तो दिसतो. आपला बरगड्यांचा रब त्याने पुस्तकात सरळ छापून टाकलाय, आणि त्यात एमएसजीसुद्धा आहे, ज्याला आपण अजिनोमोटो म्हणून नाक मुरडतो. त्याला लपवायची गरज नाही, कारण त्याचं खरं भांडवल दुसरीकडे आहे: लाकूड जाळून निखारे करणं, ते डुकराखाली नेमके पसरणं, पहाटेपर्यंत जागणं. पाककृती वाटली तरी हे कुणी चोरून नेऊ शकत नाही.

आपणही यातून सुटलेलो नाही. ‘घरगुती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर आजीचा हसरा फोटो असतो. उन्हाळ्यात मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या, कांडपाशी खोकत बसणाऱ्या बायकांची नावं कुठेच नसतात. ‘प्रमाण गुप्त आहे’ असं सांगितलं की त्यांच्या मेहनतीबद्दल बोलायची वेळच येत नाही.

म्हणून कोरडा मसाला घरी करून बघा, असंच मी म्हणेन. बाटलीतल्यापेक्षा तो चांगला होईलच असं नाही. पण वजनकाटा काढून तीन-चार वेळा मीठ, साखर आणि मिरी यांचा हिशोब केला की कुठली चव मसाल्याची आणि कुठली आगीची, हे जिभेला वेगळं कळू लागतं. त्यानंतर या पुस्तकांतली रबची प्रकरणं तुम्ही भराभर उलटाल आणि आगीच्या, लाकडाच्या, माणसांच्या पानांवर रेंगाळाल. त्यांतल्या चांगल्या पुस्तकांचा जीव त्याच पानांत आहे.