देणारा एक, घर दोघांचं

'स्मृतिचित्रे' हे हसवणारं पुस्तक आहे, असं ते वाचलेले बहुतेक जण सांगतात. खरंय ते. पण मला ते हिशेबाचं पुस्तकही वाटतं. नवरा देवासाठी 'सगळं' सोडतो तेव्हा त्या 'सगळं'मध्ये काय काय येतं, याचा हिशेब लक्ष्मीबाई टिळकांनी त्यात मांडलाय. तोही न चिडता, म्हणून तो पटकन दिसत नाही.

थोडक्यात सांगायचं तर, कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सोवळं पाळणाऱ्या, जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या. पुढची चार-पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, त्यातली बरीचशी पंढरपुरात. मग लहानग्या दत्तूला घेऊन त्या टिळकांकडे गेल्या आणि १९००मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. कोणीही घरी यावं, राहावं, जेवावं. अनाथ पोरं यायची आणि घरचीच व्हायची. १९१७मध्ये तर टिळकांनी मिशनचा पगारच सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला.

टिळकांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण शुभवर्तमानात दानाच्या ज्या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, त्या या घराशेजारी ठेवून पाहा. एक गरीब विधवा मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकते. ती तिची स्वतःची असतात आणि तेवढीच असतात. दुसरीकडे एका श्रीमंत माणसाला येशू सांगतो की असेल ते विक, गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. दोन्ही गोष्टींत माणूस एकटा आहे. देण्यात अर्धा वाटा आणखी कुणाचा होता का, हा प्रश्नच तिथे येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात देवाच्या राज्यासाठी काय काय सोडावं लागतं त्याची यादी आहे, आणि त्या यादीत बायकोही आहे. सोडलेल्या बायकोनं संध्याकाळी काय केलं, ते मात्र तिथे नाही. ते 'स्मृतिचित्रे'त आहे.

मी अंजनगाव सुर्जीची. आमच्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना परतवाड्याजवळचा कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आठवतो, टिळक नाही. आजीला मी हे पुस्तक सांगत होते तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "देवमाणूस होता म्हंते, मंग चुलीवर काय ठेवत होती थे बाई?" समीक्षेत एवढा नेमका प्रश्न मी अजून वाचलेला नाही.

हा प्रश्न आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावालाही विचारता येतो. गाडगेबाबा तिथे १८७६मध्ये जन्मले. १९०५मध्ये त्यांनी घर सोडलं, तेव्हा मागे आई होती, बायको होती, मुलं होती. पुढे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, सदावर्तं घातली आणि आपल्या नातलगांचा त्यावर कसलाही हक्क असू नये, असा आग्रह धरला. कीर्तनात असताना मुलगा गोविंद गेल्याची खबर आली तरी कीर्तन थांबलं नाही, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकताना मान आदरानं खाली जाते. माझीही जाते. पण त्याच दिवशी कुंताबाई कुठे होत्या, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. प्रबोधनकार ठाकरेंनी बाबांचं चरित्र लिहिलं, बाबांवर 'देवकीनंदन गोपाला' हा सिनेमा आला. कुंताबाईंनी पुस्तक लिहिलं नाही. धर्म वेगळा, माणसं वेगळी, पण संन्यासाची गोष्ट घराच्या आतून सांगणारं कुणी असलं तर काय फरक पडतो, ते इथे कळतं.

गंमत म्हणजे 'स्मृतिचित्रे'ची सुरुवातही टिळकांच्याच चरित्रासाठी झाली. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहायला सांगितलं. लिहिता लिहिता पुस्तक आईचं झालं.

तरी ही तक्रारवही नाही. त्यागी नवऱ्याच्या बिचाऱ्या बायकोची कहाणी म्हणून ते वाचणाऱ्यांशी माझं भांडण आहे. लक्ष्मीबाई फरपटत ख्रिस्ती झाल्या नाहीत. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. जात देवानं केली की माणसानं, याचा विचार त्यांनी एकटीनं केला आणि उत्तर मिळाल्यावरच सोवळं सोडलं. प्लेगच्या साथीत रुग्णांच्या सेवेला त्या स्वतः उभ्या राहिल्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, तेही त्यांनीच पूर्ण केलं. टिळक देत तेव्हा घरातलं जाई, आणि त्याची झळ लक्ष्मीबाईंनाही बसे. लक्ष्मीबाई देतात तेव्हा स्वतःचं देतात. मला तरी त्या विधवेच्या दोन नाण्यांच्या जवळ जाणारं माणूस या घरात त्याच वाटतात. टिळकांचे भक्त रागावतील, रागावू देत.

पुस्तक १९३४पासून भागाभागानं आलं. कागद पिवळा आणि टाइप बारीक असला तरी जुनी एकसंध प्रत मिळाली तर तीच घ्या, कारण संक्षिप्त आवृत्तीत नेमके रेंगाळणारे प्रसंग गळतात. १९३६मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा लिखाण संपलं नव्हतं. शेवटचा मजकूर देवदत्त टिळकांचा आहे. त्यात तपशील सगळे आहेत, पण घरात काय शिल्लक होतं ते त्यांना आईसारखं दिसत नाही.