देवकन्या आणि भगवद्भक्ता

प्राचीन मिसर देशाच्या राजांविषयीं मराठींत जें लिहिलें जातें त्यांत एक विधान हटकून येतें : आमच्याकडेही राजास विष्णूचा अंश मानीत, मग फेरो देव ठरला यांत नवल तें काय? हें साम्य प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. आणि त्याचें कारण शोधण्यास प्रताप नगरच्या नागपूरकरांस पन्नास-पंचावन्न किलोमीटरांपलीकडे, म्हणजे रामटेकच्या पुढें, जावें लागत नाहीं.

मिसरी कल्पना अशी कीं, सिंहासनावरचा राजा हा ससाण्याच्या रूपाचा देव होरस. वारला कीं तोच मृतांचा अधिपति ओसिरिस, आणि त्याच्या जागीं बसणारा पुन्हां होरस. सूर्यदेव रे याचा पुत्र हें बिरुद त्यास निराळेंच. यांत उपमा कोठेंही नाहीं. ही सरळ वंशावळ आहे. ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकांत हात्शेप्सुत ही राणी आपला अल्पवयी सावत्र पुत्र तिसरा थुतमोस याच्या वतीनें कारभार पाहूं लागली, व पुढें तिनें स्वतःच राजपद धारण केलें. तेव्हां दैर अल्-बहरी येथील मंदिराच्या भिंतीवर तिनें आपली जन्मकथा कोरविली : आमुन देव तिच्या पित्याचें रूप घेऊन मातेकडे आला, आणि त्यापासून ती जन्मली. कित्येक पुतळ्यांत तर तिला राजाची कृत्रिम दाढीही लावलेली आहे.

आतां विदर्भाकडे वळावें. पांचव्या शतकाच्या आरंभीं नंदिवर्धन, म्हणजे हल्लींचें नगरधन, येथें वाकाटक नृपति दुसरा रुद्रसेन मुलें लहान असतांनाच वारला, आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिनें युवराज दिवाकरसेनाच्या वतीनें राज्य चालविलें. प्रसंग अगदीं हात्शेप्सुतचाच. पण तिचा 'पुणें ताम्रपट' म्हणून प्रसिद्ध असलेला लेख पाहा. मुद्रेवर ती स्वतःस युवराजाची जननी म्हणविते. मजकुरांत भगवंताची निस्सीम भक्त. गांव दान द्यावयाचें तेंही आधीं भगवंताच्या चरणीं निवेदन करून, कार्तिक शुद्ध द्वादशीस, म्हणजे एकादशीचा उपास सोडण्याच्या दिवशीं. माहेरचा अभिमान ती लपवीत नाहीं. वंशावळ देते ती गुप्त घराण्याची. देवाची मात्र ती लेक लागत नाहीं.

वाकाटकांच्या प्रशस्ति काव्य म्हणून रूक्ष आहेत हें कबूल केलें पाहिजे. लांबच लांब समास, आणि प्रत्येक ताम्रपटांत तींच तीं विशेषणें. परंतु त्यांतील एका समासावर रेंगाळावेंसें वाटतें. पहिल्या रुद्रसेनाच्या आजोळचें कुल भारशिवांचें. शिवलिंगाचा भार खांद्यावर वाहिल्यामुळें संतुष्ट झालेल्या शिवानें तें राजकुल निर्माण केलें, असें तेथें सांगितलें आहे. राजवंशाचा मूळपुरुष शोधूं जावें तर हातीं लागतो तो देवाचा हमाल! मिसरी लेखनिकास ही स्तुति न वाटतां निंदा वाटली असती.

येथें मनुस्मृति पुढें केली जाईल. राजा अष्टलोकपालांच्या अंशांपासून झाला, तो बालक असला तरी त्याचा अवमान करूं नये, असें तिच्या सातव्या अध्यायांत आहे खरें. पण त्याच अध्यायांत धर्मापासून ढळलेल्या राजाचा दंड बांधवांसह नाश करतो, असेंही आहे. साक्षात् देवास असा दंड कोणीं सांगितला असता?

रामटेकच्या डोंगरावर केवल नरसिंहाच्या मंदिरांत एक झिजलेला वाकाटककालीन शिलालेख आहे. पुष्कळ अक्षरें गेलीं आहेत. तथापि प्रभावतीच्या मृत्यूनंतर तिच्या कन्येनें उभविलेल्या देवालयाचा उल्लेख त्यांत वाचला जातो. हात्शेप्सुतच्या मंदिरांत तिचे स्वतःचेच पुतळे ओसिरिसच्या रूपांत उभे आहेत. येथील देवाचें नांव प्रभावतीस्वामी.